खेळाडूचा गुडघा



बडोद्यासारख्या व्यायामप्रिय नगरीत एका शाळामास्तराने गुडघ्याविषयी बोलावे, हे थोडे धाडसाचेच म्हटले पाहिजे. जुम्मादादांच्या आखाड्याची माती या शहराने पिढ्यान्‌पिढ्या अंगाला लावली. राजरत्न माणिकरावांकडे मोडलेली व निखळलेली हाडे घेऊन येथेच लोक येत असत. मुजुमदारांनी संपादिलेला व्यायामज्ञानकोश दहा खंडांत बाहेर पडला तोही येथूनच, आणि १९२३ साली हुतुतूचे अखिल भारतीय सामने भरले तेही येथेच. मी वैद्य नव्हे. परंतु माझ्या वर्गातील एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या गुडघ्यापायी मला जे शिकावे लागले, ते इतरांच्या मुलांच्या उपयोगी पडेल, म्हणून हे भाषण.

मुलगा खो-खोचा चांगला गडी. एका सायंकाळी सराव चालू असता तो भरधाव खांबाशी आला आणि वळला. खांबाभोवतीची माती पावसाळ्यानंतर खचून तेथे खळगा पडला होता. पाऊल खळग्यात रुतले, गुडघा वाकलेला होता आणि वरचे सारे अंग मात्र वळले. ‘सर, आत कट्‌ झालं’, असे तो म्हणाला. त्या दिवशी मैदानावर मी होतो. मी त्याला म्हणालो, ‘थोडा पळ, म्हणजे मोकळा होईल.’ तो आज्ञाधारक, पळाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघा सुजला होता. घरी आजीने मिठाच्या पुरचुंडीने शेकले. पुढे कोणा हाडवैद्याकडे नेऊन पाय ओढून घेतला. सूज ओसरली, मुलगा लंगडत शाळेत येऊ लागला आणि आम्ही सारे निर्धास्त झालो. तिसऱ्या आठवड्यात प्रार्थनेच्या वेळी तो मांडी घालून बसला होता, तो उठताना त्याचा पाय सरळच होईना. गुडघा जणू कुलूप घातल्यासारखा अडकून बसला. दोघांनी उचलून त्याला बाहेर आणले, तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर वेदनेपेक्षा भीती अधिक होती.

आता या गुडघ्यात झाले होते काय? आपला कान चिमटीत धरून वाकवून पाहा. लवचिक पण चिवट असे जे हाताला लागते, ती कूर्चा. गुडघ्यात तिच्याच जातीच्या, पण कितीतरी अधिक बळकट अशा दोन चकत्या असतात. एक आतल्या अंगाला, दुसरी बाहेरच्या. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. लोक नुसते ‘गादी’ म्हणतात. मांडीच्या हाडाचे खालचे टोक दोन गोल गड्डे असावेत तसे असते आणि नडगीच्या हाडाचा माथा बराचसा सपाट. सपाट पाटावर नारळ ठेवला तर तो गडगडतो. खाली चुंबळ ठेवली की स्थिर बसतो. या दोन चकत्या म्हणजे गुडघ्यातल्या चुंबळीच होत, अर्धचंद्राच्या आकाराच्या, कडेला जाड आणि आत धारेसारख्या पातळ. पाय सरळ असता गुडघ्यावरील भाराचा सुमारे निम्मा वाटा त्या उचलतात, आणि गुडघा काटकोनात वाकला की हा वाटा तीन चतुर्थांशांच्याही वर जातो. खो-खोत बसलेला गडी उठतो आणि कुस्तीत पहिलवान बैठक मोडून झेप घेतो, तेव्हा त्यांचा भार कोणावर असतो हे यावरून ध्यानात येईल.

पाऊल जमिनीला खिळलेले, गुडघा वाकलेला आणि देह वळलेला, अशा स्थितीत ही चकती दोन हाडांच्या मध्ये सापडून फाटते. आतल्या अंगाची चकती शेजारच्या बंधाला घट्ट चिकटलेली असल्यामुळे तिला सहज सरकता येत नाही, म्हणून तीच बहुधा फाटते. कधी फाटलेला तुकडा बादलीच्या कडीसारखा उलटून सांध्याच्या मध्यात येतो आणि दारात खडा अडकावा तसा गुडघा अडकतो. आमच्या मुलाचे हेच झाले होते. हाडवैद्याच्या हाताला हाड कळते; पण ही चकती मांसाआड, दोन हाडांच्या फटीत दडलेली. ती ओढण्याने जागेवर बसली तरी सांधली जात नाही. साध्या क्ष-किरण चित्रातही ती दिसत नाही; त्यासाठी एम.आर.आय. ही तपासणी लागते.

येथे इतिहासाकडे थोडे वळतो, कारण पुढचा पेच त्याशिवाय उमगणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एका नामांकित इंग्रज शल्यवैद्याने या चकत्या म्हणजे स्नायूंचे निरुपयोगी अवशेष होत, असे ठरवून टाकले होते. निरुपयोगी म्हटल्यावर फाटलेली चकती संपूर्ण काढून टाकण्याची चाल पडली आणि ती अनेक दशके टिकली. आश्चर्य हे की त्याआधीच, १८८३ साली, एडिंबरो येथील टॉमस अ‍ॅनंडेल यांनी एका खाणकामगाराची फाटलेली चकती टाके घालून जागेवर बसवली होती. पण तिकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १९४८ साली फेअरबँक यांनी, चकती काढलेल्या गुडघ्यांची क्ष-किरण चित्रे तपासून, त्यांतील हाडांची कड वाढते, गोलाई चेपते आणि मधली फट अरुंद होते, असे दाखवून दिले. चुंबळ काढली की नारळ पाटावर घासणारच! पुढे १९६२ साली टोकियोत डॉ. मासाकी वातानाबे यांनी बारीक दुर्बीण गुडघ्यात घालून चकतीचा केवळ फाटका भाग कापून काढला. रोगी होता सतरा वर्षांचा बास्केटबॉल खेळणारा मुलगा. गुडघा न उघडता शस्त्रक्रिया करण्याची ही रीत आज आपल्या शहरांतही रुळली आहे.

आमच्या मुलाच्या वडिलांपुढे अस्थिरोगतज्ज्ञांनी हेच दोन मार्ग ठेवले. एक म्हणजे दुर्बिणीतून फाटका तुकडा कापून काढणे. यात मुलगा महिना-दीड महिन्यात पळू लागला असता आणि जिल्ह्याच्या संघाच्या निवडीला उभा राहिला असता. दुसरा, चकती टाके घालून शिवणे. त्यात काही आठवडे कुबड्या, पट्टा, मग मांडीच्या स्नायूंचा व्यायाम आणि वळणावळणाच्या खेळाला पाच-सहा महिने तरी बंदी, म्हणजे वर्ष गेलेच. शिवाय शिवलेले धरेलच अशी हमी कोणी देत नाही. चकतीच्या बाहेरच्या कडेला तेवढा रक्ताचा पुरवठा असतो. तेथली फाट सांधते, आतल्या पातळ धारेची सहसा सांधत नाही. या मुलाची फाट कडेजवळ होती. वयही अनुकूल होते.

मुलगा म्हणाला, ‘कापा.’ वडील माझ्याकडे पाहू लागले. मी काय सांगावे? मीच तर त्याला पळ म्हणालो होतो. पंधराव्या वर्षी निवड हे सारे विश्व असते, आणि चाळिशीतला गुडघा ही दंतकथा असते. मला त्या वेळी खाशाबा जाधवांची आठवण झाली. १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक मिळवणाऱ्या त्या मल्लाला १९५६ च्या मेलबर्नला गुडघ्याच्या दुखापतीने मुकावे लागले. त्यांच्या गुडघ्यात नेमके काय बिघडले होते, तो विषय वेगळा. मी मुलाला एवढेच म्हटले की, निवड पुढच्या वर्षी पुन्हा होईल, चकती पुन्हा उगवत नाही. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी आजीचा निरोप आला, ‘सर, शिवायचं ठरलं.’

आता पालकांसाठी व माझ्यासारख्या शिक्षकांसाठी थोडे कामाचे. गुडघा मुरगळला की खेळ त्या क्षणी थांबवावा. ‘पळून मोकळा होईल’ हे वाक्य मैदानावरून कायमचे हद्दपार करावे. पहिले दोन-तीन दिवस शेक नको, चोळणे नको. फडक्यात बर्फ गुंडाळून पंधरा-वीस मिनिटे थांबून थांबून धरावा, पट्टी बांधावी व पाय उशीवर उंच ठेवावा. तासा-दोन तासांतच गुडघा फुगला तर आत रक्त साचले असण्याचा, बंध तुटल्याचा संशय घ्यावा. चकतीची सूज बहुधा सावकाश, दुसऱ्या दिवसापर्यंत येते. पायावर भार देता येत नसेल, गुडघा अडकत असेल किंवा चालताना एकाएकी दगा देत असेल, तर पाय ओढून घेण्याच्या फंदात न पडता सरळ अस्थिरोगतज्ज्ञाकडे जावे. अडकलेल्या गुडघ्याला विलंब सोसत नाही, कारण फाटलेला तुकडा रोज चिरडत जातो. आणखी एक. वाढत्या मुलाने गुडघा दुखतो म्हटले आणि गुडघ्यात काहीच सापडले नाही, तर खुबा तपासून घ्यावा. खुब्याचे दुखणे पुष्कळदा गुडघ्यात जाणवते.

शस्त्रक्रियेनंतरचे महिने सर्वांत कठीण गेले, ते मुलाला नव्हे, त्याच्या आईला. दुखणे थांबले की मुलाला वाटते, आपण बरे झालो. गुडघा सरळ ठेवून मांडीचा स्नायू आवळणे आणि सोडणे, हा कंटाळवाणा व्यायाम रोज करवून घेणे हे तिचे काम झाले. त्या काळात तो मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसे, आमच्या सामन्यांची वेळ नोंदी आणि शिट्टी वाजवी. पुढे कुबड्या सुटल्या, तेव्हा त्याने माझ्याकडे एकच गोष्ट मागितली: मैदानाची फावडी ठेवलेल्या खोलीची किल्ली. दर शनिवारी शाळा सुटल्यावर तो दोन लहान मुलांना हाताशी घेई आणि दोन्ही खांबांभोवतीचे खळगे भरून घेई. स्वतः उभा राहून पाणी मारी. खळग्यांची मोजदाद त्याने एका वहीत ठेवली आहे. ती वही आता माझ्याकडे आहे.