अपडेट : घ्यायचं कधी, थांबवायचं कधी आणि हाकलायचं कधी?



महिन्याची ११ तारीख. GSTR-१ भरायचा शेवटचा दिवस. कंप्युटर चालू केला आणि निळ्या स्क्रीनवर गोल फिरतोय, ‘अपडेट चालू आहे, कंप्युटर बंद करू नका.’ पाऊण तास तसाच. बाहेर गिऱ्हाईक बिलासाठी उभं. औरंगपुऱ्यातलं दुकान असो, वाळूजचं छोटं वर्कशॉप असो, नाहीतर सिडकोतल्या घरातून चालणारा केकचा व्यवसाय, हा अनुभव सगळ्यांचा आहे. मग कोणीतरी ‘जाणकार’ येतो आणि म्हणतो, ‘अपडेटच कायमचं बंद करून टाकतो.’

थांबा. हा उपाय रोगापेक्षा महाग पडू शकतो.

जेएनपीटीचं उदाहरण विसरू नका

२७ जून २०१७. आपल्याकडचे कंटेनर ज्या बंदरातून परदेशी जातात, त्या न्हावाशेवाच्या जेएनपीटी बंदरातलं एक टर्मिनल ठप्प झालं. ते मर्स्क या डॅनिश कंपनीच्या समूहाकडून चालवलं जात होतं. ‘नॉटपेट्या’ नावाच्या व्हायरसने या कंपनीचे जगभरातले कंप्युटर बंद पाडले होते. नंतर कंपनीच्या अध्यक्षांनी जाहीरपणे सांगितलं, की ४५ हजार कंप्युटर आणि ४ हजार सर्व्हर नव्याने उभे करावे लागले.

आता यातली गंमत बघा. हा व्हायरस शिरला तो युक्रेनमधल्या एका अकाउंटिंग सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून! हल्लेखोरांनी अपडेटच नासवलं होतं. पण आत शिरल्यावर पसरायला त्याने ज्या वाटा वापरल्या, त्यातली एक मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच अपडेट देऊन बुजवली होती. ज्यांनी ते घेतलं नव्हतं, त्यांच्याकडे ती वाट उघडीच होती.

म्हणजे धोका दोन्हीकडून आहे. डोळे झाकून घेतलं तरी, आणि डोळे झाकून टाळलं तरी. म्हणून अपडेटचे तीन प्रकार वेगळे ओळखायला शिका.

प्रकार १ : खरं, पण त्रास देणारं

मायक्रोसॉफ्टचं सुरक्षा अपडेट दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, आपल्याकडे रात्री उशिरा. कॅलेंडर काढा. दुसरा मंगळवार ८ ते १४ तारखेच्या मध्येच पडतो, आणि GSTR-१ ची मुदत ११, GSTR-३बी ची २०. नेमकं कामाच्या घाईत अपडेट येऊन बसतं. रिटर्न चुकलं की दिवसाला ५० रुपये लेट फी (शून्य रिटर्न असेल तर २०), आणि कर थकला तर वर्षाला १८ टक्के व्याज वेगळं.

शिवाय अपडेटमध्ये चुकाही निघतात. ऑक्टोबर २०१८ च्या मोठ्या अपडेटने काही लोकांच्या फाइल्स उडाल्या, म्हणून मायक्रोसॉफ्टला ते थांबवावं लागलं. मार्च २०२१ मध्ये काही प्रिंटरना प्रिंट दिली की कंप्युटरच क्रॅश व्हायचा. बिल प्रिंटरवर चालणाऱ्या दुकानाचा विचार करा!

उपाय सोपा आहे :

• सेटिंग्जमध्ये ‘विंडोज अपडेट’ उघडा आणि ‘पॉज’ करा. एक ते पाच आठवडे थांबवता येतं. महिन्याच्या सुरुवातीला पॉज करा, २० तारीख झाली की सुट्टीच्या दिवशी अपडेट घ्या. तोपर्यंत त्यात गडबड असेल तर जगाला कळलेली असते. मात्र मोठ्या हल्ल्याची बातमी आली तर वाट बघू नका.
• ‘ॲक्टिव्ह अवर्स’मध्ये दुकानाची वेळ टाका. सकाळी ९ ते रात्री १० ठेवलं तर मध्येच आपोआप रीस्टार्ट होत नाही.
• ‘प्रिव्ह्यू’ किंवा ‘ऑप्शनल’ लिहिलेलं अपडेट सोडून द्या. ट्रायल दुसऱ्यांना घेऊ द्या.
• अपडेटच्या आधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घ्या, आणि तो पेनड्राइव्ह काढून ठेवा.
• अपडेटनंतरच बिघडलं तर ‘अपडेट हिस्ट्री’त जाऊन ते अनइन्स्टॉल करता येतं.

एक खास सूचना. नव्या लॅपटॉपमध्ये बिटलॉकरचं कुलूप आधीपासून चालू असू शकतं. जुलै २०२४ च्या अपडेटनंतर अनेकांच्या स्क्रीनवर एकदम ४८ आकडी रिकव्हरी की मागितली गेली. की नाही तर डेटा नाही. तुमची की मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये आहे का बघा आणि कागदावर लिहून गल्ल्यात ठेवा.

प्रकार २ : खरं, पण घाई करायला लावणारं

२०१६ मध्ये विंडोज १० च्या मोफत अपग्रेडची खिडकी यायची. लोक वरची लाल फुली दाबून ती बंद करायचे, पण फुली दाबली तरी ठरलेलं अपग्रेड रद्द होत नव्हतं! ओरड झाल्यावर हे बदललं. कॅलिफोर्नियातली एक ट्रॅव्हल एजंट नको असलेल्या अपग्रेडने कंप्युटर बिघडला म्हणून कोर्टात गेली आणि तिला १० हजार डॉलर मिळाले. मायक्रोसॉफ्टने चूक मान्य केली नाही, पण अपील मागे घेतलं.

आजचा तसाच विषय म्हणजे विंडोज १०. त्याचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लगेच ‘आता कंप्युटर बंद पडणार, नवा घ्या’ असं सांगणारे सुरू झाले. बंद पडत नाही. नवी सुरक्षा अपडेट येणं थांबतं, आणि हळूहळू धोका वाढतो. घरगुती कंप्युटरसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेटची सोय जाहीर झाली. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करून सेटिंग्ज सिंक केल्या तर ती मोफत मिळते. नोंदणीचा पर्याय ‘विंडोज अपडेट’मध्येच दिसतो. कंप्युटर विंडोज ११ ला चालतो का, हे मायक्रोसॉफ्टच्या ‘पीसी हेल्थ चेक’ ॲपने मोफत तपासा. चालत असेल तर अपग्रेडही फुकट आहे. ४० हजारांचा निर्णय दुकानदाराच्या बोलण्यावर नको, स्वतः तपासून घ्या.

प्रकार ३ : साफ खोटं

घरात एकच कंप्युटर. सकाळी तुमची बिलं, संध्याकाळी पोरांचे गेम. एखाद्या साइटवर पूर्ण स्क्रीनभर हुबेहूब विंडोज अपडेट दिसतं. २०२५ मध्ये अशा पानांची नवी युक्ती आली : विंडोज आणि आर हे बटण दाबा, पेस्ट करा, एंटर मारा. केलंत की व्हायरस तुमच्याच हाताने आत!

ओळखायचं कसं? खरं अपडेट ब्राउझरमध्ये येत नाही. ते काही पेस्ट करायला सांगत नाही, फोन नंबर देत नाही, पैसे मागत नाही. असं पान आलं तर एफ-११ किंवा एस्केप दाबा. नाही गेलं तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा. ‘मदतीला’ कोणी एनीडेस्क टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे गेलेच तर उशीर न करता १९३० वर तक्रार करा. जितकं लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणि एक व्यवसायाची गोष्ट. कंप्युटर हे तुमचं यंत्र आहे. लेथ मशीनला तेल कधी घालायचं हे वाळूजचा कारागीर ठरवतो, मशीन ठरवत नाही. तसंच अपडेटचंही. महिन्यातला एक दिवस ठरवा, भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करा, आणि आज दुकान बंद करायच्या आधी दोन कामं उरका : बॅकअप घ्या, रिकव्हरी की लिहून ठेवा. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे, पण त्यावर तुमच्या सगळ्या वर्षाचा हिशोब उभा आहे.