बारवीचं पाणी समुद्रावर झाकण घालतं

सोमालियासमोरचा महाभोवरा या आठवड्यात सांगायचं कबूल केलं होतं. तो पुढे ढकलतो आहे, कारण बदलापूरच्या एका वाचकांचा प्रश्न डोक्यातून जात नाही. ते विचारतात, ‘वाऱ्याने वरचं पाणी ढकललं की खालचं गार पाणी वर येतं म्हणता, मग आमच्या बारवी धरणात तसं होतं का?’

होतं. उन्हाळ्यात खोल विहिरीत पोहलेल्यांना छातीशी कोमट आणि पायाशी गार पाणी ठाऊक असतं. एप्रिल-मेमध्ये खोल जलाशयातही असेच थर पडतात. वारा तासन्‌तास एकाच दिशेने वाहिला की कोमट थर पलीकडच्या काठाला साचतो आणि वारा येतो त्या काठाशी खालचं गार पाणी वर येतं. मात्र तिथे पाणी वाऱ्यामागेच जातं. मागच्या आठवड्यातला एकमनचा उजवा हिसका, म्हणजे पृथ्वीच्या फिरण्यामुळे पाण्याचं वाऱ्याच्या उजवीकडे वळणं, दिसायला जलाशय फार लहान आहे. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर पावसाळी वारा पाण्याला किनाऱ्यालगत दक्षिणेकडे रेटतो, वरचं पाणी त्याच्या उजवीकडे, म्हणजे पश्चिमेला खोल समुद्राकडे निघतं, आणि नायट्रेट-फॉस्फेटने भरलेलं गार पाणी खालून किनाऱ्याकडे चढतं. केरळसमोर हे जोरात चालतं, उत्तरेकडे मंदावत जातं.

पण बारवीचा समुद्राशी खरा संबंध याहून निराळा आहे, आणि मला तोच जास्त मोलाचा वाटतो. पाण्याने ७२.६० मीटरची पातळी गाठली की धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडतात. ते पाणी बारवी नदीतून उल्हासला मिळतं, कल्याणपुढे खाडी होतं आणि वसईला समुद्रात जातं. पावसाळ्यात किनाऱ्याचा प्रवाह दक्षिणवाहिनी असतो, त्यामुळे कोकणातल्या साऱ्या नद्यांचं गोडं पाणी किनारा धरून गोव्याकडे सरकतं. त्यात बारवीचा वाटा चिमूटभरच. हे गोडं पाणी हलकं असल्याने खाऱ्या पाण्यावर तरंगतं. गोव्यासमोर नद्यांचं आणि पावसाचं मिळून त्याचं पाच-दहा मीटरचं झाकणच तयार होतं.

खालून चढलेल्या पाण्यात प्राणवायू आधीच कमी. त्यावर हे झाकण बसलं की हवेतला प्राणवायू खाली पोचत नाही. त्या नायट्रेट-फॉस्फेटवर वाढलेलं प्लवक (तरंगते सूक्ष्म जीव) मरून तळाला जातं, कुजताना उरलासुरला प्राणवायूही संपवतं, आणि सप्टेंबरच्या सुमारास तळाशी कुजक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि सहकाऱ्यांनी २००० साली ‘नेचर’मध्ये हेच मांडलं. गोव्यातल्या कांदोळीसमोर संस्थेची मोजणी १९९७ पासून चालू आहे. आपल्याकडे नुसतं गार पाणी वर आलं म्हणून मासळी पिकत नाही. वर काय पसरलं आहे, तेही बघावं लागतं.

वसई-उत्तनच्या कोळी वाचकांना एक विनंती. पावसाळी मासेमारीबंदी उठल्यानंतर सप्टेंबर-ऑक्टोबरात तळाच्या मासळीत काही फरक पडतो का, ते जरूर कळवा. महाभोवरा पुढच्या आठवड्यात.