बोट सुटते तेव्हा

वि. वा. शिरवाडकरांचे 'नटसम्राट' १९७० साली रंगभूमीवर आले. निवृत्त झालेले अप्पासाहेब बेलवलकर आपली सारी मिळकत मुलगा व मुलगी यांना वाटून टाकतात आणि पत्नी कावेरीसह त्यांच्याच आश्रयाला जातात, हे कथानक मराठी माणसाला नव्याने सांगावयास नको. त्याचे नाते शेक्सपिअरच्या 'किंग लिअर'शी जोडले जाते. राज्य वाटून देताना लिअरने स्वतःच्या दिमतीला १०० सरदार राखून ठेवलेले असतात. मुली तो आकडा ५० वर आणतात, मग २५ वर, आणि अखेर एकाची तरी गरज काय, असे विचारतात. नात्यातील ओलावा कसा आटत जातो, हे इतक्या नेमक्या आकड्यांत क्वचितच कुणी मांडले असेल.

परंतु व्यापारी कुटुंबांनी आवर्जून वाचावी अशी कादंबरी मला वेगळीच वाटते. फ्रेंच लेखक बाल्झाक याची 'फादर गोरिओ' ही कादंबरी १८३५ साली प्रसिद्ध झाली. तिचा नायक राजा नाही, नट नाही. तो शेवया आणि पिठाचा व्यापारी आहे. क्रांतीच्या काळातील धान्यटंचाईत त्याने अमाप पैसा मिळविला. पत्नी लवकर निवर्तली. दोन्ही मुलींचे त्याने सर्व हट्ट पुरविले आणि भरघोस हुंडे देऊन एकीला सरदाराच्या, दुसरीला सावकार बँकवाल्याच्या घरी दिले. पुढे राजवट पालटली. दरबारी समाजात वावरणाऱ्या जावयांना पीठ विकणारा सासरा अडचणीचा वाटू लागला. मुलींच्या प्रतिष्ठेसाठी त्याने दुकान बंद केले, आणि दुकान बंद झाल्यावर मुलींच्या घरांची दारेही हळूहळू बंद झाली.

गोरिओ पॅरिसमधील एका खानावळवजा वसतिगृहात राहावयास येतो. प्रारंभी तो पहिल्या मजल्यावरील उत्तम दालनात राहतो आणि वर्षाला १२०० फ्रँक देतो. पुढे दुसऱ्या मजल्यावर ९०० फ्रँकांच्या जागेत जातो. त्यानंतर तिसऱ्या मजल्यावर, महिना ४५ फ्रँकांच्या खोलीत. माणूस जिना चढत जातो आणि त्याची पत उतरत जाते! जन्मभर कर्जदारांची खाती पाहिलेल्या माझ्यासारख्याला हे तीन मजले एखाद्या खातेउताऱ्यासारखे वाटतात. मुलीची देणी फेडण्यासाठी तो रात्री गुपचूप आपली चांदीची भांडी मोडतो. एका मुलीच्या मेजवानीच्या पोशाखापायी उरलेसुरले वर्षासनही गहाण पडते. मरणशय्येवर तो मुलींची वाट पाहतो, आणि संपत्ती हाती राखली असती तर त्या आज उशाशी असत्या, हे त्याला उमगते. दोघीही वेळेवर येत नाहीत. अंत्यविधीचा भार दोन विद्यार्थी उचलतात. स्मशानापर्यंत मुलींच्या घरच्या बग्ग्या येतात, कुलचिन्हे मिरवणाऱ्या, पण रिकाम्या.

मुली कृतघ्न होत्या, एवढे म्हणून हे पुस्तक मिटता येत नाही. पित्याकडे जाणे म्हणजे काहीतरी घेऊन परतणे, ही सवय त्यांना लावली कुणी? गोरिओनेच. देवाणघेवाणीखेरीज दुसरी कोणतीही भाषा त्या घरात बोलली गेली नव्हती, असे माझे मत आहे.

आपल्याकडे हयातीतच पेढी, दुकान, सदनिका मुलांच्या नावे करून मोकळे होण्याची रीत आहे, आणि त्यामागे बहुधा निर्मळ भावनाच असते. तरीही २००७ च्या ज्येष्ठ नागरिकांविषयीच्या केंद्रीय कायद्यातील कलम २३ प्रत्येक कर्त्या गृहस्थाने वाचलेले बरे. सांभाळ करण्याच्या अटीवर दिलेली मिळकत, ती अट मोडली गेल्यास, न्यायाधिकरणाकडे दाद मागून परत मिळविता येते. मात्र ती अट बक्षीसपत्रात स्पष्ट लिहिलेली असावी. मुलांसमोर असे लिहून घेणे अनेकांना अपमानास्पद वाटते. मला तसे वाटत नाही. सख्ख्या भावाशीही भागीदारीपत्र करणारा आपला समाज आहे.

अर्थात सर्वच दुरावा लोभातून येत नाही. जयवंत दळवींच्या 'संध्याछाया'त कुणी खलनायक नाही. थोरला मुलगा परदेशी, धाकटा सैन्यात, आणि घरात नाना-नानी एकमेकांशी बोलून दिवस ढकलतात. महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'त वडिलांच्या उत्तरक्रियेचा खर्च कोणी करावयाचा, यावरून भाऊ एकमेकांना पारखे होतात. त्यांतील प्रत्येकाची अडचण मात्र खरी आहे. पोटापाण्यासाठी गाव सोडलेल्या मुलाला दोष देणे मला तरी जमत नाही.

आपल्या धर्मात बारा भावना सांगितल्या आहेत. त्यांतील एकत्व आणि अन्यत्व या भावना जीव एकटा आहे, पुत्र-कलत्रही अन्य आहेत, याचे चिंतन करावयास लावतात. मग मुलांनी विचारले नाही तर दुःख कशाचे, असे काही जण म्हणतात. हा युक्तिवाद मला सोयीचा वाटतो. ही भावना स्वतःच्या आसक्तीसाठी आहे, स्वतःचे कर्तव्य टाळण्यासाठी नव्हे. श्वेतांबर परंपरेतील कल्पसूत्रानुसार प्रत्यक्ष भगवान महावीरांनी, माता-पिता हयात असेतो दीक्षा घेणार नाही, असा अभिग्रह मातेच्या गर्भात असतानाच केला होता.

त्याच परंपरेत मगधाच्या श्रेणिक राजाची कथा येते. पुत्र कुणिकाने राज्यलोभाने पित्याला कारागृहात टाकले. एकदा तो भोजनास बसला असता मांडीवरच्या बाळाने ताटात मूत्र केले. कुणिकाने किळस मानली नाही. उलट, पुत्रावर इतके प्रेम कुणी केले असेल काय, असे त्याने कौतुकाने आईला विचारले. तेव्हा चेलना राणीने त्याला प्रथमच सांगितले की, जन्मताच त्याला उकिरड्यावर टाकले होते आणि कोंबड्याने त्याचे बोट टोचले होते. पित्याने त्याला उचलून आणले. बोट चिघळून ठणकू लागले की श्रेणिक ते स्वतःच्या तोंडात धरून पू शोषून घेई. तेव्हाच बाळ शांत होई. तान्हेपणीचे काहीच स्मरणात राहत नाही. कुणिकाला आपले वाकडे बोट रोज दिसत होते, त्यामागची हकिगत तेवढी ठाऊक नव्हती.

तो ताटावरून उठला आणि बेड्या तोडण्यासाठी कुऱ्हाड घेऊन कारागृहाकडे धावला. मुलगा शस्त्र घेऊन येतो आहे, एवढेच श्रेणिकाला दिसले. पुत्राच्या हातून पितृहत्या घडू नये म्हणून त्याने तालपुट विष घेतले. त्यानंतर कुणिकाला राजगृहात राहवेना. त्याने मगधाची राजधानी चंपेला हलविली.