पाटाकडेचा कारिवणा आणि सातशे रुपयांची डबी

कोकणात पाटाच्या कडेला, विहिरीच्या ओल्या काठावर कारिवणा आपोआप माजतो. गोलसर, कातरलेल्या कडांची पानं, जमिनीलगत धावणारे धुमारे आणि पेरापेराला फुटलेली मुळं. आयुर्वेदातली मंडूकपर्णी ती हीच. फार्मसी कॉलेजात मी वनौषधी शिकवते, त्यामुळे प्रॅक्टिकलला ही पानं दरवर्षी लागतात. अलीकडे मुलींचा एक प्रश्न ठरलेला: "मॅडम, ते कोरियन सिका क्रीम म्हणजे हेच ना?"

हेच. पण क्रीमवाले ज्यांच्या नावावर पैसे घेतात, ती या पानातली मोजकी द्रव्यं: एशियाटिकोसाइड आणि त्याचं भावंड मॅडेकासोसाइड. एशियाटिकोसाइड १९४१ साली मादागास्करच्या वनस्पतीतून वेगळं काढलं गेलं. तेव्हा सुरकुत्यांचा विषयच नव्हता. १९५६ साली ब्वातो आणि रात्सिमामांगा या संशोधकांनी त्यावर लिहिलं ते चिघळणाऱ्या जखमांबद्दल आणि कुष्ठरोगाबद्दल.

जखम झाली की त्वचेच्या आतल्या थरातल्या फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कामाला लागतात आणि कोलॅजन तयार करतात. कोलॅजन म्हणजे त्वचेचा दोरखंड. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९९९ साली गिनीपिगच्या जखमांवर एशियाटिकोसाइडचं ०.२ टक्क्याचं द्रावण लावून पाहिलं. भरलेली जखम ताणली तर फाटायला किती जोर लागतो, हे त्यात मोजलं होतं. ताकद ५७ टक्क्यांनी जास्त भरली. हायड्रॉक्सीप्रोलिन हे कोलॅजनमधलं खास अमिनो आम्ल, तेही ५६ टक्क्यांनी वाढलेलं. मला हा प्रयोग फार आवडतो. 'त्वचा तजेलदार दिसते' असलं काही नाही, सरळ ओढून बघितलंय.

वय वाढतं तसं हेच कोलॅजन कमी होतं, आणि उन्हातले अतिनील किरण ते तोडणाऱ्या विकरांना चेव आणतात. म्हणून जखमेचं औषध सुरकुत्यांवर चालेल, हा तर्क चुकीचा नाही. पण पुरावा इथे विरळ होतो. २००८ सालच्या एका चाचणीत उन्हाने वयस्क झालेल्या त्वचेच्या २० स्त्रियांनी सहा महिने क्रीम लावलं. सुरकुत्या कमी झाल्या, लवचीकपणा सुधारला. मात्र त्या क्रीममध्ये ०.१ टक्का मॅडेकासोसाइडसोबत ५ टक्के क जीवनसत्त्व होतं, आणि कोलॅजन घडवायला क जीवनसत्त्व तर लागतंच. मग श्रेय कोणाचं? वर्गात यावर छान भांडणं होतात.

डबीवर नुसतं 'सेंटेला अर्क' (सेंटेला म्हणजे हाच कारिवणा) लिहिलेलं असेल तर त्यात एशियाटिकोसाइड किती, हे कळायला मार्ग नाही. जमीन, हंगाम, अर्क काढायची पद्धत, सगळ्याने ते बदलतं. सातशे रुपये मोजायचेच असतील तर मी आधी सनस्क्रीन घ्यायला सांगते. असलेलं कोलॅजन वाचवणं स्वस्त पडतं.

आणि पाटाकडेची पानं ठेचून उघड्या जखमेवर बांधू नयेत. प्रयोगातलं द्रावण शुद्ध होतं. या पानांबरोबर चिखल येतो, त्यात धनुर्वाताचे जंतू असू शकतात. मधुमेह्याच्या पायाची जखम असेल तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. कारिवण्याची चटणी मात्र आमच्याकडे होते, पानं नीट धुऊन.