फुप्फुसातली वजाबाकी

मोठ्या श्वासनलिकेला फुटणाऱ्या शाखा सुमारे २३ वेळा दुभंगत वायुकोशांपर्यंत पोहोचतात आणि या वायुकोशांची संख्या ३० कोटींच्या घरात जाते. ही गुंतागुंत जशीच्या तशी कागदावर उतरवणे शक्य नसल्यामुळे वायुविनिमयाचे गणित मांडणारा अभ्यासक पहिल्याच पायरीवर सगळे वायुकोश मिळून एकच फुगा आहे असे धरून चालतो. वातावरणाच्या, पाऱ्याच्या ७६० मिमी इतक्या दाबातून श्वासमार्गातील बाष्पाचे ४७ मिमी वजा केले आणि उरलेल्याचे २१ टक्के घेतले, म्हणजे आत येणाऱ्या ऑक्सिजनचा आंशिक दाब, अर्थात हवेच्या मिश्रणातील एकट्या त्या वायूचा दाब, सुमारे १५० मिमी येतो. त्यातून रक्तातील कार्बन डायऑक्साइडच्या दाबाला ०.८ ने भागून येणारी रक्कम वजा केली की वायुकोशातला ऑक्सिजन मिळतो. शरीर ऑक्सिजनचे १० रेणू घेताना कार्बन डायऑक्साइडचे साधारण ८ रेणू परत करते, म्हणून हे ०.८. निरोगी माणसात कार्बन डायऑक्साइड ४० मिमी असतो, तेव्हा उत्तर १०० येते.

या समीकरणाचे खरे मोल मात्र त्याच्या उत्तरापेक्षा, ते उत्तर आणि रोहिणीतील रक्तात प्रत्यक्ष मोजलेला ऑक्सिजन यांच्यातील तफावतीत आहे. समजा, दोन रुग्णांच्या रक्तात ऑक्सिजन सारखाच, ५५ मिमी आहे. पहिल्याचा कार्बन डायऑक्साइड ७२ असेल तर वायुकोशात ६० मिमी ऑक्सिजन निघतो आणि तफावत अवघी ५ उरते, म्हणजे फुप्फुस धड आहे, श्वासच अपुरा पडतो आहे. दुसऱ्याचा ४० असेल तर तफावत ४५ होते आणि बिघाड फुप्फुसात आहे हे उघड होते.

बिघाडाचा शोध घेताना एक फुगा पुरत नाही, निदान दोन लागतात. एका भागातून १०० मिमीचे आणि दुसऱ्या, हवा कमी पोहोचणाऱ्या भागातून ४० मिमीचे रक्त समप्रमाणात येऊन मिसळले, तर सरासरी ७० यावी असे वाटते, पण तसे होत नाही. कारण मिसळतो तो दाब नव्हे, हिमोग्लोबिनने धरलेला ऑक्सिजन. ही धारणा पहिल्या भागात सुमारे ९८ टक्के, दुसऱ्यात ७५ टक्के असते, मिश्रणात ती ८६ टक्क्यांच्या आसपास येते आणि तिला जुळणारा दाब फक्त ५२ मिमी असतो. चांगल्या भागाने कितीही जोरात श्वास घेतला तरी त्याचे हिमोग्लोबिन आधीच भरलेले असल्याने तो वाईट भागाची उणीव भरून काढू शकत नाही. फुप्फुसविकाराचे इतके मूलभूत सत्य दोन ओळींच्या बेरजेतून हाती यावे, ही या गणिताची मोठी देणगी होय. १९७४ साली वॅग्नर, सॉल्ट्झमन आणि वेस्ट या संशोधकांनी रक्तात सहा निष्क्रिय वायू सोडून दोन फुग्यांऐवजी फुप्फुसाचे ५० कप्पे मांडले. मोजमापे सहा आणि अज्ञाते ५० असल्यामुळे, शेजारच्या कप्प्यांत एकदम उडी नसावी, अशी अट गणितात घालावी लागली.

या वजाबाकीची कठीण कसोटी एव्हरेस्टवर झाली. २००७ साली 'कॉडवेल एक्स्ट्रीम एव्हरेस्ट' या ब्रिटिश मोहिमेतील चार गिर्यारोहकांचे रक्त, शिखरावरून उतरताना ८४०० मीटरवर, बाटलीतील ऑक्सिजन थांबवून काही वेळ साधी हवा घेतल्यानंतर, मांडीच्या रोहिणीतून काढण्यात आले आणि ६४०० मीटरवरील छावणीत नेऊन तपासण्यात आले. रक्त काढले त्या ठिकाणी हवेचा दाब २७२ मिमी होता आणि अतिजलद श्वासामुळे कार्बन डायऑक्साइड १३.३ पर्यंत उतरला होता. गणिताने वायुकोशात सुमारे ३० मिमी ऑक्सिजन दिला, रक्तात सरासरी २४.६ सापडला, तफावत ५.४. सपाटीवर दुर्लक्षिता येईल अशी ही तफावत तेथे उपलब्ध ऑक्सिजनच्या जवळजवळ पाचव्या हिश्श्याएवढी ठरते. फुप्फुसात साचू लागलेले, लक्षणे न दाखवणारे पाणी हे तिचे एक संभाव्य कारण. दुसरे कारण वेळेचे, कारण केशवाहिनीतून रक्त सुमारे पाऊण सेकंदात निघून जाते आणि सपाटीवर पाव सेकंदात होणारी दाबांची बरोबरी इतक्या क्षीण दाबाखाली तेवढ्या अवधीत पुरी होत नाही. एका फुग्याच्या समीकरणात वेळेला जागा नाही, आणि विश्रांतीत घेतलेल्या अशा एकेका नमुन्यावरून ५.४ पैकी किती पाण्याचे आणि किती वेळेचे, हे वेगळे काढता येत नाही.