मेलेलं गहाण

परवा भर दुपारी आमच्या बचत गटातल्या एक वहिनी घरी आल्या. पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढून म्हणाल्या, "ताई, भाऊजींच्या दुकानासाठी कर्ज काढतायत. घर माझ्या नावावर, म्हणून सही माझी. बँकेतले साहेब म्हणाले, नुसती फॉरमॅलिटी आहे. पण हे 'मॉर्गेज' म्हणजे काय हो?"

"गहाण," मी म्हटलं.

"ते ठाऊक आहे. घर गेलं कधी म्हणायचं नि राहिलं कधी, ते विचारतेय."

मी बी. ए. झालेली, पण उत्तर येईना! मग पुस्तकं काढून बसलो दोघी.

शब्द मुळात जुन्या फ्रेंचमधला. 'मॉर' म्हणजे मेलेलं आणि 'गाज' म्हणजे तारण. मेलेलं तारण! वहिनी दचकल्याच. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं आणि पुढे तिथल्या कोर्टकचेऱ्यांत फ्रेंच शिरली. 1362 साली कोर्टात इंग्रजीत बोला असा कायदा झाला, तरी वकिलांच्या तोंडचे शब्द काही गेले नाहीत. आपल्याकडे नाही का, 'दस्त', 'वारस', 'जप्ती' अजून ठाण मांडून आहेत! गंमत म्हणजे फ्रान्समध्ये आज गहाणाला हा शब्द वापरतच नाहीत. आणि याच 'गाज'मधून इंग्रजीतली 'एंगेजमेंट' आली. म्हणजे साखरपुडाही एक तारणच की!

पण 'मेलेलं' का? बाराव्या शतकातल्या इंग्लंडच्या कायद्याच्या पुस्तकात सांगितलंय, की सावकार जमिनीचं उत्पन्न घेई आणि तेवढं कर्ज कमी होई, ते सरळ गहाण. उत्पन्नही खायचं आणि मुद्दलही तसंच ठेवायचं, ते मेलेलं.

"आमच्या माहेरचं वावर असंच गेलं," वहिनी म्हणाल्या. "पीक सावकाराच्या घरी, कर्ज आमच्या डोक्यावर." थोडा वेळ आम्ही दोघीही गप्प होतो.

पंधराव्या शतकात थॉमस लिटलटन नावाच्या न्यायाधीशाने वेगळा अर्थ लावला. ठरल्या दिवशी पैसे दिले नाहीत, तर जमीन कर्जदाराला मेली. दिले, तर सावकाराचा हक्क मेला. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथेच होतं.

आता एक दिवस चुकला म्हणून घर जात नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याने पैसे भरून गहाण सोडवण्याचा हक्क दिलाय. पण 2002 च्या कायद्याने बँकेलाही कोर्टात न जाता तारण विकता येतं. हप्ते थकून खातं बुडीत धरलं, की 60 दिवसांची नोटीस, मग ताबा, मग लिलाव. याला फॉरमॅलिटी कसं म्हणायचं?

आणखी एक वहिनींना लिहूनच दिलं. वैयक्तिक कर्ज पूर्ण फिटलं की 30 दिवसांत मूळ कागद परत द्यायचे, बँकेकडून उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा आदेश 1 डिसेंबर 2023 पासून लागू आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनींनी बँकेत जाऊन, दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच मिळेल ना, असं विचारलं. घरी भाऊजी फुरंगटले, "वहिनी, माझ्यावर विश्वास नाही?" त्या म्हणाल्या, "आहे ना. म्हणून तर दुकानाची वही आणा म्हणते, दोघं मिळून हिशेब बघू."

वही अजून आलेली नाही. सहीही झालेली नाही.