बडीशेपेखालचे दहा रुपये

पनवेलमध्ये टिप बिलावर ठरत नाही, परत आलेल्या सुट्ट्यांवर ठरते. ४८० झाले, पाचशेची नोट दिली, वीस परत आले, वीस वेटरला. ४९५ झाले तर पाच. आणि बिल बरोब्बर ५०० झालं की अख्खं टेबल गंभीर! आता टिपसाठी नव्याने पाकीट उघडावं लागणार आणि त्याची मनाची तयारी घरून करून आलेलं कोणी नसतं. मग कोणीतरी दिलदार मित्र पुढे सरसावतो : ‘बिल तू दे, टिप माझ्याकडे.’

नाण्यांनी यात बरीच लुडबुड केली आहे. पंचवीस पैशांचं नाणं ३० जून २०११ नंतर चलनातून गेलं. आठ आणे कायद्याने आजही चालतात, पण ते बशीत ठेवून वेटरच्या नजरेला नजर देऊन दाखवा! दहाच्या नाण्याची तर वेगळीच कथा. बाजारात ते कोणी घेईना, म्हणून २०१८च्या जानेवारीत रिझर्व्ह बँकेला सांगावं लागलं की त्याचे सगळेच्या सगळे १४ नमुने खरे आहेत. तरी टिप म्हणून दहाची नोटच बरी दिसते. नाणं ठेवलं की उरलेलं टाकून चाललोय असं वाटतं. (तसंच चाललेलो असतो, पण वाटू नये एवढंच.)

मग यूपीआय आलं. एप्रिल २०१६ मध्ये सुरू झालेल्या या सोयीने सुट्ट्यांची कटकट मिटवली आणि वेटरची कमाईही. ४८७ झाले की ४८७ जातात, वर एक रुपया नाही. टेबलावर काही उरतच नाही, तर सोडणार काय? बिल भरणारा खिसे चाचपतो, बाकीचे मोबाइलमध्ये डोकं घालतात आणि वेटर बडीशेपेची वाटी पुन्हा एकदा पुढे सरकवतो.

त्या वाटीला कमी लेखू नका. अमेरिकेत २००२ साली एक अभ्यास छापून आला. बिलाबरोबर छोटं चॉकलेट ठेवलं की टिप वाढते. दोन ठेवली की आणखी वाढते. आणि आधी एक देऊन, निघता निघता वळून ‘हे घ्या, अजून एक’ म्हटलं की सर्वांत जास्त. त्याआधी १९९६च्या एका प्रयोगात बिलावर हसरा चेहरा काढून पाहिला होता. वेट्रेसची टिप वाढली, वेटरची नाही! आपल्या उडुपी हॉटेलांत बडीशेप आणि खडीसाखर वर्षानुवर्षं बिलाबरोबर येते आहे, पण ती सगळ्यांनाच मिळते, त्यामुळे कोणाला उपकार वाटत नाहीत. उलट मूठभर बडीशेप तोंडात, चिमूटभर खिशात आणि टिप शून्य, असे महाभाग प्रत्येक हॉटेलात असतात.

अर्थशास्त्रज्ञांना एक कोडं कायम छळतं : ज्या हॉटेलात पुन्हा कधी पाऊल ठेवायचं नाही, तिथेही लोक टिप का देतात? या कोड्यासाठी पनवेलहून चांगली प्रयोगशाळा सापडणार नाही. कळंबोलीहून पुण्याचा द्रुतगती मार्ग सुटतो, पळस्प्याहून गोव्याचा रस्ता. मिसळ खाऊन सुटलेली गाडी पुन्हा येईल ती थेट पुढच्या सुट्टीत, तेव्हा तोच वेटर असेल याची खात्री नाही. तरी प्रवासी दहा-वीस ठेवून जातो. गावातलं रोजचं गिऱ्हाईक मात्र बारा महिने ‘काका, एक कटिंग’ म्हणत काही ठेवत नाही आणि दिवाळीला पोस्त म्हणून एकदम शंभर हातात देतं. माझ्या मते दुसरा हिशेब जास्त माणुसकीचा. वेटरचं मत विचारलंत तर तो रोजचे दहा मागेल.

टिपवरून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलेल्या वादाची एक मुळी पनवेलमध्येच आहे. डान्स बारचा प्रश्न विधानसभेत लावून धरणाऱ्यांत पनवेलचे तत्कालीन आमदार विवेक पाटील होते. २००५ मध्ये राज्यात बंदी आली. पुढे ती न्यायालयात टिकली नाही, मग २०१६चा नवा कायदा आला आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यावरही निकाल लागला. नोटा उधळायच्या नाहीत, पण टिप हातात देता येईल. टिप बिलातच जोडा, असं सरकारने सांगायचं कारण नाही. म्हणजे देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने उधळणं आणि देणं यातली सीमारेषा आखून दिली!

बिलात आपसूक चढणाऱ्या सर्व्हिस चार्जची गोष्ट वेगळी. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये त्याला मनाई केली, हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि २८ मार्च २०२५ला हरल्या. वर प्रत्येकी एक लाखाचा भुर्दंड. तेव्हा बिलात तो दिसला तर काढायला सांगा, नाहीच ऐकलं तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर. जीएसटी मात्र द्यावाच लागतो. त्यावर कॅप्टनशी वाद घालणारे काका प्रत्येक कुटुंबात एक असतातच.

नातवंडांना भेटायला अमेरिकेत गेलेल्या पनवेलकर आजोबांची खरी परीक्षा तिथे. पंधरा ते वीस टक्के टिप, आणि तीही रुपयांत गुणून पाहिलेली! मुलगा समजावतो की इथे टिप घेणाऱ्यांना मालकाने द्यायचं किमान वेतन संघीय कायद्यात तासाला २.१३ डॉलर आहे, १९९१पासून तेवढंच. बाकीचं गिऱ्हाइकाने भरायचं. आजोबांना पटत नाही. त्यांना ऐकून बरं वाटेल अशी गोष्ट म्हणजे याच अमेरिकेत वॉशिंग्टन राज्याने १९०९ मध्ये टिपवर चक्क बंदी घातली होती, पाठोपाठ आणखी काही राज्यांनी. १९२६पर्यंत सगळ्या बंद्या उठल्या. आजोबांनी जपानला जावं. तिथे टेबलावर पैसे सोडले तर वेटर परत द्यायला मागे धावत येण्याची शक्यता जास्त.

आता राहिला नाजूक प्रश्न : टिप वेटरच्या खिशात जाते की गल्ल्याशेजारच्या डब्यात? २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की कार्डावरून आलेली टिप हॉटेलने कर्मचाऱ्यांना वाटली तरी तो पगार नव्हे, ती गिऱ्हाइकाने दिलेली असते, मालकाने नाही. ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२४पासून टिपमधला एक पेनीही मालकाला ठेवता येत नाही. आपल्याकडे प्रत्येक हॉटेलची रीत निराळी. कुठे ज्याची त्याला, कुठे रात्री डबा उघडून आचाऱ्यापासून भांडी घासणाऱ्यापर्यंत वाटणी. हा डबा मला आवडतो. मिसळीचा कट जमवणारा माणूस आपल्याला कधी दिसतच नाही, त्याला टिप मिळण्याचा तेवढाच मार्ग आहे.